योसेफाचे स्वप्न आणि सत्तेचाळिसावा अध्याय

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा अलीकडे आपल्या प्रार्थनासभांमधून फार सांगितली जाते, आणि फार चुकीची सांगितली जाते. सांगणाऱ्याचा सूर ठरलेला असतो : देवाने दिलेले स्वप्न खरे होणारच, खड्डा, गुलामी, तुरुंग हे वाटेतले मुक्काम, मुकाट्याने सोसा, राजवाडा तुमचाही ठरलेला आहे. हे निरूपण कानाला गोड लागते. पण ते पवित्र शास्त्राला धरून नाही.

आधी हिशेब पाहावा. स्वप्ने पडली तेव्हा योसेफ १७ वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. भाऊ त्याच्यापुढे वाकले ते सुबत्तेची ७ वर्षे सरून दुष्काळ पडल्यावर, म्हणजे स्वप्नानंतर २० वर्षांहून अधिक काळाने. या सबंध काळात त्याला स्वतःला पुन्हा स्वप्न पडल्याची नोंद नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता हे आपल्याला, वाचकांना, सांगितलेले आहे. तुरुंगातल्या योसेफाला कोणतीही वाणी ऐकू आली नाही. त्याने धन्याचा कारभार चोख पाहिला, कैद्यांची विचारपूस केली. सिराखपुत्राचा ग्रंथ तर स्वप्नांमागे लागणाऱ्यास सावली पकडू पाहणाऱ्याच्या पंक्तीला बसवतो. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात आहे; तो उघडतो कोण?

दुसरे असे की, योसेफ मुका राहिला नाही. प्यालेबरदार सुटणार असे दिसताच त्याने त्याला स्पष्ट सांगितले : मला माझ्या देशातून चोरून आणले आहे, मी अपराध केलेला नाही, फारोच्या कानावर घाला. दाद मागणे हा त्याच्या श्रद्धेचाच भाग होता. (प्यालेबरदार पुढे दोन वर्षे विसरला, सरकारदरबारी अर्ज दिलेल्यांना हे नवीन नाही.)

हे लिहिण्याचे निमित्त मुरबे. तेथील प्रस्तावित बंदराला कोळी बांधव विरोध करीत आहेत. आपल्यातलेच काही भाविक मला म्हणाले, “फादर, विरोध कशाला? प्रार्थना करावी, देव योसेफासारखा वर काढील.” या किनाऱ्याला इतरांची स्वप्ने नवी नाहीत. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रत्येक वेळी स्वप्न एकाचे आणि सोसणे दुसऱ्याचे. ज्याची जाळी त्या पाण्यात पडतात, पापलेटच्या हंगामावर ज्याच्या घरची वर्षभराची चूल पेटते, त्याला आम्ही सहनशीलतेचे प्रवचन द्यावे, हा योसेफाच्या नावावर केलेला अन्याय आहे.

आणि कथा राजवाड्यापाशी संपत नाही. सत्तेचाळिसावा अध्याय काढा. फारोचे स्वप्न खरे ठरले, कोठारे भरलेली होती, लोक वाचले. त्यांनी तसे कृतज्ञतेने म्हटलेही. पण धान्यासाठी त्यांनी आधी पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, शेवटी जमिनी दिल्या आणि ते फारोचे दास झाले. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाचा ठरला. व्यवहार करणारा योसेफच होता. पुढे याच मिसर देशात योसेफाचे वंशज विटा थापू लागले, हे निर्गमाच्या पुस्तकात लगेच पुढे येते. देवभीरू माणसाच्या हातूनही स्वप्नाची किंमत दुबळ्यांकडून वसूल होऊ शकते, हे शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. आपण झाकतो.

त्याच अध्यायात आणखी एक वाक्य आहे, ते आम्हा धर्मगुरूंनी विशेष वाचावे : सर्वांच्या जमिनी गेल्या, पुरोहितांच्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना फारोकडून नेमणूक मिळत होती. हा उतारा आपल्या रविवारच्या वाचनांत येत नाही. पुढल्या महिन्यात शास्त्राभ्यासासाठी मी तोच घेणार आहे. राजवाड्याची आश्वासने देणाऱ्या प्रवचनकार मित्रांनी अवश्य यावे, आणि येताना मुरब्याच्या धक्क्यावर थोडा वेळ थांबून यावे.