पिक्चर साडेतीन तासांचा, दिवस अख्खा

मोठा पिक्चर लागला की पाथरीत घरोघरी एकच विषय निघतो. परभणीला जाऊन टॉकीजात बघायचा, का थोडं थांबून घरच्या टीव्हीवर? पोरांना पहिल्याच दिवशी जायचं असतं. आजोबा म्हणतात, दोन महिन्यांत घरातच येतोय, कशाला पैसे घालवता. घरातल्या बाईला मात्र कुणी विचारत नाही.

तुम्ही आधी तिलाच विचारा. का, ते सांगतो.

'छावा' 14 फेब्रुवारी 2025 ला टॉकीजात लागला आणि 11 एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. बरोबर आठ आठवडे. मोठे हिंदी पिक्चर साधारण एवढ्याच अंतरानं घरी येतात. आम्हीही थांबलो. एका रविवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर बसलो. एप्रिलचा महिना, घरात कुरडयांचा घाट. गव्हाचा चीक शिजत होता. आमची मंडळी पिक्चर बघत होती, पण कशी? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, हातात चाटू. मध्येच गच्चीवर गेली, पापड सावलीत आले होते ते सरकवायला. मग दूध आलं. मग शेजारची आली. मग मीच म्हणालो, जरा चहा टाक.

पिक्चर संपला तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो होतो. लेकरांचे डोळे भरले होते. आणि ती विचारत होती, "संगमेश्वरला महाराज सापडले कसे? मला काही कळलंच नाही."

ती सहा वेळा उठली होती. तेव्हा माझं लक्ष नव्हतं, रात्री आठवून मोजलं. सहातली दोन उठणी माझ्यासाठी होती.

घरी पिक्चर बघणं स्वस्त पडतं, हे खरं. पण ते तुम्हाला स्वस्त पडतं. तिला अर्धाच पिक्चर मिळतो. टॉकीजात दिवे गेले की तिला कुणी चहा मागू शकत नाही. दूध उतू जात नाही. दारावर कुणी येत नाही. तेवढे तीन तास ती कुणाचीच काही नसते, नुसती बघणारी असते.

बायकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. 1991 साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायका जथ्यानं टॉकीजला गेल्या. 30 जून 2023 ला 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हाही गल्लीगल्लीतल्या मैत्रिणी, नणंदा-भावजया मिळून गेल्या. काही महिन्यांनी तोच पिक्चर घरात दिसणार होता, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. वर्षातून एक-दोन मोठे पिक्चर ठरवून टॉकीजात बघा. बाकीचे घरी. पण जायचं तर नीट जा.

आधी वेळ मोजा. पैसे नंतर.

डिसेंबर 2025 मध्ये आलेला 'धुरंधर' 3 तास 34 मिनिटांचा होता. त्याच्या आदल्या डिसेंबरातला 'पुष्पा 2' 3 तास 20 मिनिटांचा. त्यात जाहिराती आणि इंटरवल धरा, सव्वाचार तास झाले. पाथरी ते परभणी सुमारे 45 किलोमीटर. जाणं, येणं, स्टँडवर थांबणं, सगळं मिळून सात-आठ तास घराबाहेर. म्हणजे पिक्चर नाही, अख्खा दिवस जातो. सोयाबीन काढायला आलेलं असेल, कापूस वेचायला बाया मिळाल्या असतील, तर त्या दिवशी जाऊ नका. पिक्चर तीन-चार आठवडे कुठं जात नाही.

लांब पिक्चर काही आजचे नाहीत. 1964 चा 'संगम' आणि 1970 चा 'मेरा नाम जोकर' यांना दोन-दोन इंटरवल होते. 'लगान' पावणेचार तासांचा होता. पण दोन इंटरवलची सोय आता राहिली नाही. म्हणून घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस कोण येणार, ते आधी ठरवा. त्यांना जमेल तेच सगळ्यांना जमेल.

म्हाताऱ्या माणसाला साखरेचा त्रास असेल तर वाटेच्या कडेची खुर्ची घ्या. त्यांना लघवीला उठावं लागतं, आणि मधल्या खुर्चीवरून उठायला ती माणसं लाजतात. मग पाणीच पीत नाहीत. तसं होऊ देऊ नका. इंटरवलला गर्दी व्हायच्या पाच मिनिटं आधी त्यांना घेऊन बाहेर या. गोळीची वेळ विचारून घ्या. सोबत शाल ठेवा, एसीचा गारवा तासाभरानं बोचायला लागतो. अधूनमधून पाय हलवायला सांगा. पुढच्या रांगेचं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी एवढ्या लांब पिक्चरला घेऊ नका. मान आखडते आणि चार दिवस तेल चोळत बसावं लागतं.

तान्हं लेकरू नेऊ नका. तो आवाज मोठ्या माणसाच्या छातीत बसतो, तर तान्ह्याचं काय होईल. शिवाय ते रडलं की उठून बाहेर कोण जातं? आईच. मग पुन्हा तिचाच पिक्चर अर्धा.

थोडी मोठी लेकरं असतील तर पिक्चरचा दाखला बघा. 'ए' असेल तर 18 वर्षांखालच्या मुलाला आत सोडत नाहीत, आई-बाप सोबत असले तरी नाही. 'धुरंधर'ला हाच दाखला होता. 45 किलोमीटर जाऊन दारातून परत फिरलेलं पोर कसं दिसतं ते मी पाहिलं आहे. नवी चप्पल घातली होती त्यानं. 'यूए' असेल तर पुढे 7, 13 किंवा 16 असा आकडा असतो. आपलं मूल त्या वयाच्या खाली असेल, तर न्यायचं की नाही हे आई-बापानं ठरवायचं. 'छावा'ला 16 चा आकडा होता. शेवटचा भाग मोठ्यांनाही बघवत नाही. सात-आठ वर्षांच्या लेकराला तो इतिहास तुम्ही घरी मांडीवर घेऊन सांगा. पडद्यावर नंतर बघेल.

आता पहिल्या दिवसाचं. पोरांनो, हे तुम्हाला सांगतोय.

4 डिसेंबर 2024 ची रात्र. हैदराबादला संध्या थिएटरात 'पुष्पा 2' चा आदल्या रात्रीचा खेळ होता. नायक येणार म्हणून गर्दी उसळली. चेंगराचेंगरीत एक आई गेली आणि तिचा लहान मुलगा जबर जखमी झाला. ते कुटुंब नुसतं पिक्चर बघायला आलं होतं. तुमच्यासारखंच. म्हणून लेकरं आणि बायका सोबत असतील तर पहिले चार दिवस सोडा. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बघा. गोष्ट तीच असते.

आत बसलात की एक काम करा. दिवे जायच्या आत बाहेर पडायचं दार कुठं आहे ते बघा, आणि लेकरांना बोट करून दाखवा. दिल्लीच्या उपहार थिएटरात 13 जून 1997 ला 'बॉर्डर' चालू असताना आग लागली. बाल्कनीत धूर भरला. जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. 59 माणसं गेली. दार बघायला अर्धं मिनिट लागतं.

रात्रीचा खेळ नको. हे मी हात जोडून सांगतो.

नऊचा खेळ सुटेपर्यंत एक वाजतो. मग मोटारसायकलवर तिघं, अंगात थंडी, डोळ्यांत झोप, आणि समोर कल्याण-निर्मल महामार्ग. दिवाळीनंतर उसाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी. जवळ गेल्याशिवाय ट्रॉली दिसत नाही. दिसते तेव्हा ब्रेक लागायला जागा नसते. आपल्या भागात अशी किती पोरं गेली, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. प्रत्येक गावात एक तरी घर आहे.

दुपारी बाराचा खेळ धरा. सव्वाचारच्या सुमाराला सुटतो. अंधार दाटायच्या सुमाराला तुम्ही पाथरीत. शेवटची एसटी किती वाजता आहे, ते सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून ठेवा.

आणि एसटीनंच जा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं. 75 च्या पुढं तर तिकीटच नाही. फक्त वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. नवरा-बायको, आई-वडील आणि दोन लेकरं अशा घराला जीप भाड्यानं करण्यापेक्षा एसटी कितीतरी स्वस्त पडते.

पिक्चरचं तिकीट शक्यतो खिडकीवर काढा. मोबाइलवर काढलं की दर तिकिटामागं वेगळा आकार लागतो, सहा माणसांचा मिळून तो बराच होतो. गर्दीच्या पिक्चरला मात्र मोबाइलच बरा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन हात हलवत यावं लागेल. दुपारच्या खेळाचा दर बऱ्याच ठिकाणी कमी असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झाला आहे. त्यावरच्या तिकिटाला 18 टक्के. तेव्हा सगळ्या वर्गांचे दर विचारून मगच पैसे काढा.

घरून निघताना पोटभर जेवून निघा. आत बाहेरचं खाणं न्यायला टॉकीजवाले मनाई करू शकतात. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये तसं सांगितलं आहे. पण त्याच वेळी कोर्टानं हेही सांगितलं की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट दिलं पाहिजे, आणि लहान बाळाचं खाणं आत नेऊ दिलं पाहिजे. म्हणून पाण्याच्या बाटलीला पैसे मोजण्याआधी नळ कुठं आहे ते विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू पिशवीत असू द्या. एसटीत परत येताना लेकरांना भूक लागते.

कुणाला जमत नसेल, पाय साथ देत नसतील, पैशाची ओढ असेल, तर घरी बघा. त्यात काही कमी नाही. पण घरी बघतानाही पिक्चरला वेळ द्या. जमलं तर दोन रात्रींत वाटून घ्या. इंटरवलपर्यंत आज, पुढचा उद्या. म्हातारी माणसं ताजी राहतात आणि उद्याची वाट बघण्यात मजाही असते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवणं, भांडी आधी उरकून घ्या, सगळ्यांनी मिळून. मग टीव्ही लावा.

मोबाइलच्या नेटवर बघत असाल तर हिशेब करा. चांगल्या चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत नेट लागतं. रोजचा दीड जीबी इंटरवलच्या आतच संपतो. चित्र साधं ठेवा, किंवा ज्यांच्याकडे वायफाय आहे त्या भावाकडं, काकांकडं सगळे मिळून जा. शाळेची परीक्षा असलेलं पोर भिंतीपलीकडं असेल तर आवाज बेतानं ठेवा.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. व्हॉट्सॲपवर 'नवा पिक्चर फुकट बघा' अशी लिंक येते. ती दाबली की कसलं तरी ॲप मोबाइलमध्ये शिरतं आणि बँकेतले पैसे जातात. विम्याचे, कापसाचे, लाडक्या बहिणीचे, कसलेही. लिंक ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून फसू नका, त्याचाही मोबाइल फसलेला असतो. पैसे गेलेच तर लाजून बसू नका. लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. आणि पोरांना सांगा, टॉकीजात पडद्याचं शूटिंग करायचं नाही. 2023 मध्ये कायदा कडक झाला आहे. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख दंड. मित्रांना दाखवायच्या नादात हे अंगावर येऊ शकतं.

तर या खेपेला मोठा पिक्चर लागला की घरात विचारा. तिला कुठला बघायचाय, कुणासोबत बघायचाय. तुमच्यासोबतच बघायचा असेल असं नाही. जावेसोबत, बहिणीसोबत, बचत गटातल्या मैत्रिणींसोबत जायचं म्हणाली, तर जाऊ द्या. लेकरं त्या दिवशी तुम्ही सांभाळा. तिला सारखा फोन करू नका, आत फोन वाजला की तिलाच ओशाळल्यासारखं होतं.

ती परत येईल तेव्हा सहा वाजून गेलेले असतील. संध्याकाळची खिचडी तुम्ही टाका. डाळीचा डबा कुठला आणि हळदीचा कुठला, ते सकाळी ती निघायच्या आधीच बघून ठेवा.