कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

‘नियमन’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ समोरासमोर उभे राहतात. एकाला त्यात सरकारची दंडुकेशाही दिसते, दुसऱ्याला बेबंद बाजाराला घातलेला लगाम. संगणक आणि इंटरनेट यांच्याविषयी गेली पंचवीस वर्षे चाललेला वाद बहुतांशी याच दोन पक्षांमधला आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या क्षेत्रात आपल्या शासनसंस्थेने जेथे हात घालावयास नको होता तेथे तो घाईने घातला, आणि जेथे हस्तक्षेप हे तिचे कर्तव्यच होते तेथे ती वर्षानुवर्षे स्वस्थ बसून राहिली. या दोन्हींची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना निर्णय घेताना कोणी विचारलेही नव्हते.

एका खोलीसाठी सारी चाळ

पहिली बाजू प्रथम पाहू. २००३ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने याहू या कंपनीच्या सेवेवरील ‘किन्हुन’ नावाचा एक चर्चागट बंद करण्याचा आदेश दिला. मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी त्याचा संबंध असल्याचे सांगण्यात आले. गट अगदी लहान होता. परंतु इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी तेवढा एकच गट न रोखता याहूवरील सगळेच गट बंद करून टाकले. परिणामी भारतातील असंख्य माणसांचा त्या गटांशी व्यवहार काही दिवस तुटला. त्यांत प्राध्यापकांचे गट होते, रुग्णांच्या नातेवाइकांचे होते आणि परदेशी गेलेल्या मुलांशी बोलणाऱ्या आईबापांचेही होते.

तीन वर्षांनी याचीच पुनरावृत्ती अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी दूरसंचार खात्याने सुमारे दीड डझन संकेतस्थळे व पाने बंद करण्याचे पत्र कंपन्यांना पाठविले. त्यांपैकी काही पाने ‘ब्लॉगस्पॉट’सारख्या सेवांवर होती. हा ब्लॉगलेखनाच्या बहराचा आरंभकाळ होता. ज्याला छापखाना नाही, संपादकाची ओळख नाही, असा कोणीही माणूस आपले म्हणणे विनाशुल्क मांडू लागला होता. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्याची माहिती एकत्र करणारी पाने अशाच सेवेवर उभी राहिली होती आणि सरकारी यंत्रणा जागी होण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ काम केले होते. जुलै २००६ मध्ये कंपन्यांनी यादीतील नेमकी पाने शोधण्याचा खटाटोप टाळला आणि अख्खी सेवाच बंद केली. चाळीतील एका खोलीला सील ठोकावयाचे म्हणून सगळ्या चाळीच्या दिंडीदरवाजाला कुलूप घालावे, तसा हा प्रकार होता. ओरड झाल्यावर सरकारने कंपन्यांना खुलासा केला आणि दरवाजा पुन्हा उघडला.

असे का घडले? यामागे कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. कारखान्याचा धूर कारखानदाराच्या हिशेबाच्या वहीत चढत नाही. तो शेजाऱ्याच्या छातीत जातो. येथे आदेश देणाऱ्या खात्याला आदेशाचा काही खर्च नव्हता. तो अमलात आणणाऱ्या कंपनीने स्वतःला सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग निवडला. उरलेली सगळी किंमत पडली ती ज्याचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता अशा वाचकावर आणि लेखकावर; आणि त्यांना दाद मागावयास कोणतेही दार नव्हते.

या अनुभवातून आपण शहाणे झालो काय? संसदेने डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात मोठ्या दुरुस्त्या केल्या. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. लोकसभेत गदारोळ चालू असताना चर्चेविनाच हे विधेयक संमत झाले. त्यातील कलम ६६-अ मुळे ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोयीचे’ वाटणारे लिखाण तीन वर्षांच्या तुरुंगवासास पात्र ठरू लागले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरात दोन तरुणींना अटक झाली. एकीने शहर बंद ठेवण्याविषयी फेसबुकवर चार वाक्ये लिहिली होती, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्याच निकालात संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ आणि त्याखालील २००९ चे नियम कायम राहिले. त्यांतील सोळावा नियम असा की, आलेल्या मागण्या, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळली जावी.

या गुप्ततेचा अर्थ पुस्तकावरील बंदीशी तुलना केल्यावाचून कळत नाही. पुस्तक जप्त करण्याचा सरकारचा अधिकार इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. तो आम्हांस प्रिय आहे असे नाही. पण त्या कायद्यातही जप्तीची कारणे देणारी अधिसूचना प्रसिद्ध करावी लागते, आणि त्या पुस्तकाशी हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीला उच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींसमोर दाद मागता येते. राज्य सरकारने केलेली एका इंग्रजी चरित्रग्रंथाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय उचलून धरला. अर्ज करणारे नागरिक त्या ग्रंथाचे लेखकही नव्हते आणि प्रकाशकही नव्हते. कारणे जाहीर झाली होती म्हणूनच ती न्यायालयात तपासता आली. इंटरनेटवरील पानाच्या बाबतीत वाचकाला कारण तर नाहीच, पण आदेश निघाला आहे हेही अनेकदा कळत नाही. पान उघडत नाही, एवढेच त्याला दिसते. परकी सरकारने छापील पुस्तकाला जे संरक्षण ठेवले होते, तेवढेही स्वतंत्र भारताने पडद्यावरच्या अक्षराला देऊ नये, याला काय म्हणावे?

अक्षरांची मालकी

आता दुसरी बाजू. ती कमी गाजलेली आहे. परंतु मराठी माणसाच्या दृष्टीने तिचे महत्त्व तसूभरही कमी नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यावयाचा याचा सर्वमान्य तक्ता असेल तरच एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी असा तक्ता आपल्याकडे नव्हता असे नाही. ‘इस्की’ नावाचे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये वाढलेले भारतीय लिप्यांचे तंत्रही हाताशी होते. पण मानक छापून काढणे वेगळे आणि ते अमलात आणणे वेगळे. बाजारात मराठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले फाँट काढले आणि प्रत्येक फाँटात अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. एकीच्या फाँटात ज्या आकड्यावर ‘क’ होता, त्यावर दुसरीच्या फाँटात वेलांटी किंवा अर्धा ‘ष’ असे. एका छापखान्यातील मजकूर दुसऱ्याकडे नेला की त्याचा चुथडा होई. काही सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या मागे लावावयाचे एक खरेखुरे कुलूप मिळे. ते काढले की मराठी बंद!

मुद्रणाच्या इतिहासाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि त्यांच्या ओतशाळेतील टाइप देशभरातील छापखान्यांनी वापरले. तेही खाजगी व्यवसायिकच होते. परंतु त्या टाइपांनी छापलेला कागद हाती आल्यावर तो वाचण्यासाठी वाचकाला निर्णयसागरची परवानगी लागत नसे. धंदा टाइपांचा होता, मजकूर मोकळा होता. संगणकयुगात प्रथमच असे घडले की, फाँट विकणाऱ्याने मजकुरावरच ताबा मिळविला. ग्राहकाने दहा वर्षांचे लेखन एका फाँटात साठविले की दुसरीकडे जाण्याचा खर्च त्याला परवडत नाही. मग विक्रेता सांगेल ती किंमत. मक्तेदारीचा हा प्रकार आम्ही वर्गात शिकवीत होतो तेव्हा उदाहरणे रेल्वेची आणि विजेची देत असू. मातृभाषेच्या बाराखडीचे उदाहरण द्यावे लागेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

यातून सुटका झाली ती ‘युनिकोड’मुळे. जगातील सर्व लिप्यांना एकच तक्ता देणारे हे मानक १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याच ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. सर्वसामान्यांच्या संगणकात ती २००० सालानंतर हळूहळू आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच पायावर. मात्र हे मानक ठरविणारी संस्था अमेरिकेत नोंदलेला एक संघ आहे आणि त्याचे प्रमुख सभासद बड्या संगणक कंपन्या आहेत. भारत सरकार त्यात पुढे सभासद झाले. या उशिराचे एक लहानसे पण बोलके उदाहरण देतो. ‘ॲ’ हे मराठी अक्षर त्या तक्त्यात आले २००८ मध्ये. तत्पूर्वी तेथे हिंदीच्या धाटणीचा ‘ऍ’ तेवढा होता. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, हे मराठी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तो अर्धा ‘र’ पुष्कळ फाँटांत वर्षानुवर्षे धड उमटत नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी लोकांची जी मातृभाषा, तिच्या अक्षरांसाठी भांडावयास शासन मात्र वेळेवर उभे नव्हते. सरकारी कामकाजासाठी युनिकोड हेच मानक असे केंद्राने जाहीर केले तेव्हा २००९ चा नोव्हेंबर उजाडला होता. याच सरकारला २००३ मध्ये आणि २००६ मध्ये पाने बंद करण्यास फार वेळ लागला नव्हता!

मधल्या दीड-दोन दशकांत जे मराठी लिखाण संगणकावर जुळविले गेले, त्याचे काय? साप्ताहिके, दिवाळी अंक, शासकीय अहवाल, विद्यापीठांचे प्रबंध यांचा फार मोठा भाग जुन्या खाजगी फाँटांत अडकून पडला. छापील प्रत आहे, पण मूळ मजकुरात शोध घेता येत नाही. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र त्यापुढे मुके होते, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हेच. रोमन अक्षरांची अर्थहीन रांग आहे. साने गुरुजींचे लेखन २०११ च्या प्रारंभी स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. ते कोणीही छापावे, कोणीही वाटावे. पण त्याची पूर्वी कोणी जुळविलेली प्रत अशा फाँटात असेल, तर कायद्याने मुक्त झालेले पुस्तक पुन्हा पहिल्यापासून टंकलिखित करावे लागते. कायद्याचे कुलूप निघाले तरी यंत्राचे कुलूप राहतेच.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, शासन हातावर हात ठेवून बसले असताना मराठी संगणकावर आणली ती या खाजगी कंपन्यांनीच. त्यांना दोष कसा देता? हे अर्धे खरे आहे. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. दोष आहे तो मानक ऐच्छिक ठेवणाऱ्या शासनाचा. वजनमापे ऐच्छिक ठेवली असती तर प्रत्येक वाण्याने आपापला शेर काढला असता आणि त्यात वाण्याचा स्वभावदोष शोधण्यात अर्थ नसता. शासन हे या सॉफ्टवेअरचे मोठे गिऱ्हाईक होते. ‘मानक पाळाल तरच खरेदी करू’ एवढे एक वाक्य निविदेत असते, तरी बाजार सुतासारखा सरळ झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंटरनेटवर दंगली पेटविणारे, माणसाला माणसाविरुद्ध उठविणारे लिखाण असते. ते रोखावयाचे नाही काय? जरूर रोखावे. झुंडीच्या हिंसेला बळी पडतो तो दुबळाच, हे समाजवाद्यांना कोणी सांगावयास नको. पण रोखणारा हात उजेडात असला पाहिजे. सरकारविषयीच्या लिखाणातले खोटे कोणते हे सरकारी विभागानेच ठरवावे, अशी तरतूद केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. वादीनेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, हा साधा न्याय त्यामागे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. संकेतस्थळ रोखण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावा, त्याविरुद्ध वाचकालाही दाद मागता यावी, आणि गुप्ततेचा सोळावा नियम रद्द व्हावा. आदेश अमलात आणताना निरपराध पाने बंद पडली तर त्याची भरपाई आदेश देणाऱ्याने व बंद करणाऱ्याने करावी. म्हणजे बाह्य खर्च ज्याचा त्याच्या वहीत चढेल. दुसरीकडे, सार्वजनिक पैशातून निर्माण झालेला सर्व जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा कालबद्ध कार्यक्रम राज्य शासनाने हाती घ्यावा, आणि त्यासाठी लागणारे फाँट व रूपांतराची साधने मुक्त परवान्याखाली सर्वांना द्यावीत. लोहितसारखे मुक्त फाँट आधीच उपलब्ध असल्याने हे काम शून्यापासून सुरू करावयाचे नाही. यास लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

प्रकाशकांनी आणि नियतकालिकांनीही शासनाची वाट पाहत बसू नये. कपाटात पडलेल्या जुन्या चकत्या आणि तबकड्या दरवर्षी खराब होत आहेत, आणि ते फाँट चालविणारी यंत्रे भंगारात निघत आहेत. तो मजकूर ज्यांनी जुळविला ती माणसे अद्याप हयात आहेत, कोणत्या फाँटात काय आहे हे त्यांना आठवते. त्यांना बोलावून हे काम या वर्षीच सुरू करावे. आणखी दहा वर्षांनी निधी मिळाला तरी सांगणारे कोणी उरलेले नसेल.