दोरीला झोळ असू द्या

मैत्रिणींनो, कपडे वाळत घालायची दोरी जरा सैल पडली, की ती ओढून ओढून अगदी सरळ बांधायची आपल्याला भारी हौस! झोळ दिसला, की कसं गबाळं वाटतं. मग चार दिवसांत भिंतीतला हुक प्लॅस्टरसकट बाहेर येतो आणि धुतलेली चादर धुळीत पडते. आमच्या तुर्भ्यात तर धुळीला काही तोटा नाही! आपण मात्र बोल लावतो तो हुकाला.

समजा, दोरी दहा फुटांची आहे आणि मधोमध ५ किलोची ओली चादर टाकली. दोरीला फूटभर झोळ असेल, तर प्रत्येक हुकावर साधारण १३ किलोंची ओढ बसते. झोळ अर्धा फूट केलात, की २५ किलो. आणि तीनच इंच ठेवलात, तर ५० किलो! चादर तीच, बरं का. दोरी जितकी ताठ, तितका हुकाचा जीव जास्त जातो.

मोठमोठे झुलते पूल याच हिशेबावर उभे आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९३७ साली सुरू झालेला गोल्डन गेट पूल घ्या. त्याच्या दोन मनोऱ्यांमध्ये १२८० मीटर अंतर, आणि केबलला झोळ आहे तब्बल १४३ मीटरचा. तो शोभेसाठी ठेवलेला नाही. आपल्या हुकाच्या जागी तिथे दोन्ही काठांवर काँक्रीटचे अवजड ठोकळे आहेत. सगळी ओढ शेवटी त्यांच्यावर येते. बांधताना आधी मनोरे आणि ठोकळे, मग बारीक तारा एकेक करून या काठावरून त्या काठावर न्यायच्या. एकेका केबलमध्ये अशा २७,५७२ तारा आहेत आणि आवळून तिची जाडी झाली तीन फूट! रस्ता सर्वांत शेवटी, तुकड्या-तुकड्यांनी खाली टांगायचा.

“बाई, आपला सी-लिंक पण झुलता पूलच ना?” असं मुलं वर्गात हमखास विचारतात. नाही हं. २००९ साली सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या केबल्सना असा झोळ नाही. वांद्र्याच्या बाजूच्या उंच मनोऱ्यावरून त्या तिरप्या, सरळ खाली येतात आणि रस्त्यालाच धरून ठेवतात. एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूची ओढ तोलून धरते, तराजूसारखी. म्हणून किनाऱ्यावर ते अवजड ठोकळे लागत नाहीत. अंतर फारच लांब असलं, म्हणजे मात्र झोळवाल्या पुलाला पर्याय नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची गोष्ट तर आपण बायकांनी वाचायलाच हवी. पुलाचे मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग पाया खणताना आजारी पडले, ते अंथरुणालाच खिळले. त्यांची पत्नी एमिली केबलचं गणित आणि बांधकामाचं शास्त्र शिकली आणि नवऱ्याच्या सूचना घेऊन कित्येक वर्षं कामावर जात राहिली. त्यातच तारा पुरवणाऱ्या ठेकेदाराने खराब तारा खपवल्याचं उघडकीला आलं. बसलेल्या तारा काढणं अशक्य. पण रोबलिंग यांनी केबल गरजेच्या सहापट मजबूत धरली होती, म्हणून निभावलं. वर प्रत्येक केबलमध्ये दीडशे चांगल्या तारा वाढवून घेतल्या. १८८३ साली पूल खुला झाला. आजही त्यावरून वाहतूक चालते.

तारेचा दुसरा शत्रू म्हणजे गंज. वाशीच्या खाडीवर १९७३ साली सुरू झालेल्या पुलाच्या काँक्रीटमधल्या पोलादी तारांना गंज चढला होता. १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला. आपल्याकडची हवा खारी, तेव्हा गॅलरीत लोखंडी तार नकोच. नायलॉनची दोरी बांधा. दहा फुटांना फूटभर झोळ ठेवा. कपडे खाली टेकत असतील, तर दोरी ताणू नका, दोन्ही हुक वर घ्या. आणि भिजलेली गोधडी मधोमध न टाकता हुकाच्या जवळ टाका.