चिडका नव्हे, दुखावलेला

मुलगा उलट बोलतो, अभ्यासात लक्ष नाही, सगळ्यांना नावे ठेवतो, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. त्यावर उपाय ठरलेला: उपदेश, नाही तर मार. अशा पालकांना मी आधी एक कादंबरी वाचायला सांगेन.

जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाची 'द कॅचर इन द राय' १९५१ साली प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक होल्डन १७ वर्षांचा. आदल्या वर्षीची हकिकत तो स्वतःच सांगतो. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्याने शाळेने त्याला काढून टाकलेले असते. घरी जायचे टाळून तो न्यूयॉर्कमध्ये भटकतो, दारू पितो, थापा मारतो आणि भेटेल त्याला ढोंगी ठरवतो. सुरुवातीची पाने वाचून कोणीही म्हणेल, कार्टे वाया गेले!

पुढे कळते, की होल्डन १३ वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हात जखमी होऊन तो इस्पितळात असतानाच भावाचे दफन झाले. शेवटचा निरोपही राहून गेला. आता मन घाबरले, की तो त्या भावाशीच बोलतो. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंगही धाकटी बहीण मनी गेल्यावर असाच कोलमडतो.

मोठ्यांचे नैराश्य बहुधा चेहऱ्यावर दिसते. या वयात मात्र ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते, आणि आपण त्याला उद्धटपणा समजतो. होल्डन ओळखीच्यांना फोन करतो, टॅक्सीवाल्यालाही सोबत बोलावतो. त्याला कोणीतरी जवळ हवे असते. अखेर १० वर्षांची बहीण फीबी त्याला खडसावते, त्याच्यावर रुसते, पण त्याला सोडत नाही. माझ्या मते निम्मा उपचार तेथेच होतो.

तेव्हा पालकहो, चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-जेवण बिघडले, मित्र तुटले, तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा केली, तर ती पोकळ धमकी समजू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्या. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.

आणि मुलगा पुन्हा उलट बोलला, तर हात उगारण्यापूर्वी एकदा विचारा, "बाळा, दुखतंय कुठे?"