दोन नोंदवह्या आणि एक क्रियापद

‘वळवणे’ या क्रियापदाचा अर्थ त्याचा कर्ता कोण यावर ठरतो, असे आमचे मत होत चालले आहे. शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण झाले, पुढे भातसा झाले आणि तालुक्याचे पाणी मुंबईकडे वळले. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शेजारच्या मुरबाडमधील गावांच्या जमिनी बारवी धरणात गेल्या. ते पाणी कारखान्यांना आणि शहरांना मिळाले. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवण्यात आले. या विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. या सगळ्या वाक्यांतून कर्ता गायब आहे, हे व्याकरण शिकवणाऱ्यांच्या लक्षात आलेच असेल. पाणी वळते, निधी वळवण्यात येतो. वळवणारा कोण, हे वाक्य सांगत नाही.

आता याच दोन तालुक्यांतील एखादे सरकारी रुग्णालय घ्या. समजा, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या ताब्यातील कपाटात पेंटाझोसिनच्या चार कुप्या कमी भरल्या. वाक्याला तत्काळ कर्ता मिळतो: सिस्टरने औषध वळवले. वैद्यकीय इंग्रजीत यालाही ‘डायव्हर्शन’च म्हणतात, आपल्या कार्यालयीन मराठीत त्याचा ‘अपहार’ होतो. पाण्याच्या आणि निधीच्या बाबतीत जी भाषा इतकी संकोची, ती चार कुप्यांच्या बाबतीत इतकी निःसंकोच कशी होते, हा आमचा प्रश्न आहे.

औषधशास्त्रातले तुम्हाला काय कळते, असे कोणी विचारील. काही कळत नाही. पण आरोपपत्र ही एक संहिता असते आणि संहिता वाचणे हा आमचा व्यवसाय आहे. या संहितेचा आधार असतो साठा नोंदवही. नोंदवहीला तीनच गोष्टी ठाऊक: आले, दिले, उरले. ग्रामीण रुग्णालयाची रात्र या तीन रकान्यांत मावत नाही. डॉक्टर फोनवर आदेश देतात आणि स्वाक्षरी सकाळी करतात. कुपी हातातून निसटून फुटते. अर्धी मात्रा दिली जाते, अर्धी टाकून द्यावी लागते. १०८ क्रमांकाच्या गाडीतून ठाण्याला किंवा कळव्याला निघालेल्या रुग्णासोबत एखादे औषध जाते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला निकडीने काही उसने दिले जाते. यातील प्रत्येक गोष्टीची वेळेवर नोंद व्हायला हवी, हे खरेच. परंतु नोंद राहणे, वस्तू हरवणे, वस्तू अन्यत्र जाणे आणि वस्तू चोरणे ही चार वेगळी वाक्ये आहेत. त्यांचे एकच वाक्य करणारा लेखक आळशी तरी असतो किंवा हेतुपुरस्सर लिहीत असतो.

दुसरी नोंदवही महाराष्ट्र परिचर्या परिषदेची. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली तिच्यात नाव असेल तरच या राज्यात परिचारिका म्हणून काम करता येते, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेला आहे. म्हणजे पहिल्या वहीत चार कुप्यांची नोंद सापडली नाही, तर दुसऱ्या वहीतून एका माणसाची नोंद पुसली जाऊ शकते. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. नोंदणी गेली की व्यवसायच जातो.

हे कल्पनारंजन नव्हे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, नागपूरसह राज्यात ठिकठिकाणी रेमडेसिवीरच्या काळ्या बाजाराचे गुन्हे नोंदले गेले. पकडले गेलेल्यांत वॉर्डबॉय होते, परिचारिका होत्या, डॉक्टरही होते. ज्यांनी मरणासन्न रुग्णाची कुपी विकली त्यांची बाजू घेण्याची आमची इच्छा नाही. पण त्याच एप्रिलमध्ये अहमदनगरच्या तत्कालीन खासदारांनी दिल्लीहून खाजगी विमानाने रेमडेसिवीर आणले आणि त्याची चित्रफीत अभिमानाने स्वतःच प्रसृत केली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात त्यावर याचिका झाली, हे खरे. तरी लोकांच्या तोंडी शब्द होता ‘मदत’. खिशातून नेलेली कुपी काळ्या बाजाराची आणि विमानातून आणलेली सेवाभावाची! बरे, जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता. ही मागणी कोणी फुगवली, याचे आरोपपत्र आमच्या वाचनात नाही.

दोष कोणत्या पायरीवर येऊन थांबतो, याचे अधिक करुण उदाहरण भंडाऱ्याचे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, अतिरिक्त शल्यचिकित्सकांची बदली झाली. कंत्राटी परिचारिकांची मात्र सेवाच संपवण्यात आली. निलंबितास निर्वाह भत्ता असतो, विभागीय चौकशी असते, १९७९ चे शिस्त व अपील नियम असतात. कंत्राटी बाईला एक पत्र असते. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा प्रश्न केवळ पगाराचा नव्हता, हे यावरून समजावे.

आक्षेप असा येईल की परिचारिका औषध चोरू शकतच नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. चोरी होते, आणि ती झाली की वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला वेदनाच येते. तो रुग्ण बहुधा कातकरी किंवा ठाकर वस्तीतला असतो आणि त्याची तक्रार कोणी लिहून घेत नाही. म्हणून तर तपास खरा हवा. नेदरलँड्समध्ये लुसिया द बेर्क या परिचारिकेला, तिच्याच पाळ्यांत मृत्यू फार झाले या संख्याशास्त्रीय तर्काचा मोठा आधार घेऊन, २००३ मध्ये जन्मठेप झाली. तो तर्क सदोष होता आणि मुळात खून झालेच नव्हते, हे कळून २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. ‘तिच्याच पाळीत साठा कमी भरतो’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. ते संशयाला पुरेसे आहे, शिक्षेला नाही.

आणि चोरी व्यसनापायी असेल, तर आपल्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा परिचारिकांसाठी शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेखीची वाट आहे. जी दुसऱ्यांची आजारपणे काढते, ती स्वतः आजारी असू शकते, एवढी कल्पनाशक्ती आपल्या व्यवस्थेने दाखवायला हरकत नसावी.

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आपण वर्षानुवर्षे शिकवतो. बेणारेबाईंवरचा खटला आरोप करणाऱ्यांनाच उघडे पाडतो, हे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मग सकाळी वर्तमानपत्रात ‘औषधचोर परिचारिका’ असा मथळा येतो आणि शिक्षक-विद्यार्थी दोघेही काशीकरांच्या खुर्चीत जाऊन बसतात. असे असेल तर ते नाटक आपण शिकवले काय आणि न शिकवले काय.

संसदेने २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. त्यात व्यावसायिक नीतिमत्ता व नोंदणी पाहणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाकडे आमची मागणी एका शब्दाची आहे. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. पुढे तो सेवेला लागला. परिचारिकेकडून आपण आयुष्यभर शुश्रूषेची अपेक्षा करतो, आणि तिच्यावर वेळ आली की तिची ‘सुनावणी’ ठेवतो, जिच्यात बहुधा तिलाच सुनावले जाते. तिच्या बाजूने कागद मागवावेत, मागणीपत्रे, रुग्णपत्रिका आणि पाळीचे तक्ते ताडून पाहावेत, भांडारापासून कपाटापर्यंतची प्रत्येक स्वाक्षरी तपासावी, आणि तिला तिच्या भाषेत, तिच्या सोबत्यासह बोलू द्यावे. एवढे झाल्यावरही ती दोषी ठरली, तर नाव खुशाल काढावे. त्याआधी वाक्याला कर्ता देण्याची घाई कोणी करू नये.