मताचीही पावती हवी



कारखान्याच्या पत्रकात राजकारण आणू नये असा संकेत आहे, आणि तो चांगला आहे. पण आपल्या भागात राजकारण कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी थांबले? संचालक मंडळाचे पॅनेल पक्षाच्या बैठकीत ठरते, आमदारकीचे तिकीट कारखान्याच्या विश्रामगृहात ठरते, आणि दोन्हीकडे हात वर करायला सभासद लागतोच. तेव्हा त्याच सभासदाच्या मनात आज काय खदखदते आहे, ते इथे लिहिलेले बरे.

आम्ही हे कुणा विरोधी पक्षाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या एकाच विचाराला मत पडत आले. आजोबांनी बैलजोडीवर शिक्का मारला. १९६९ साली काँग्रेस फुटली, १९७१ ला गाय-वासरू आले. घरातले मत तिकडे गेले. पुढे हाताचा पंजा आला. १९९९ साली राष्ट्रवादी निघाली, घड्याळ आले, आणि भागातल्या बहुतेक मंडळींबरोबर आम्हीही घड्याळाकडे वळलो. चिन्हे बदलली, पण माणसे तीच, भाषा तीच, म्हणून शिक्काही तिथेच.

ही निष्ठा फुकाची नव्हती. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या साथीने, प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात १९६० चा सहकार कायदा झाला. सरकारने कारखान्यांत भागभांडवल घातले, कर्जाला हमी दिली, पाटबंधाऱ्याची कामे काढली. वसंतदादांसारखा माणूस सांगलीच्या कारखान्यातून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेला आणि तरी ऊसवाल्याच्या भाषेतच बोलत राहिला. जिथे बाजरी धड पिकत नव्हती तिथे आडसाली ऊस डोलू लागला. त्या पक्षाने काम केले, आम्ही मत दिले. रोखीचा व्यवहार होता, यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत.

मग बिघडले कुठे? १९७८ साली दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, निकालानंतर एकत्र आल्या, वसंतदादांचे सरकार झाले, आणि चार महिन्यांत ते घरच्यांनीच पाडले. १९८६ ला पुन्हा मनोमीलन. १९९९ ला पुन्हा फूट. निवडणुकीत समोरासमोर आणि ऑक्टोबरात एकाच मंत्रिमंडळात. २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला, तो चार दिवसही टिकला नाही. जुलै २०२३ मध्ये घड्याळवाल्यांचेच दोन भाग झाले. फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ एका गटाला दिले, दुसऱ्याला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला.

या सगळ्यात एकदा तरी आमच्या गावात येऊन कुणी विचारले का, की बाबांनो, आम्ही असे असे करणार आहोत, तुमचे काय म्हणणे आहे? कारखान्याने दहा पैशांची ठेव कापायची म्हटली तरी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवावा लागतो. आणि लाखो मतांचा सौदा रातोरात होतो, त्याला ना विषयपत्रिका ना ठराव!

नेत्यांचे काय, ते उद्या एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतील. भोगतो तो गावकरी. नेता फुटला की गाव फुटते. एका बांधावरचे दोन भाऊ दोन गटांत जातात, पाण्याच्या पाळीवरून बोलणे बंद होते, आणि विरोधी गटातल्याचा ऊस तोडीला आला तरी टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. वाळतो तो ऊस कुठल्या पक्षाचा असतो हो?

फुटीचे एक वेळ सोडून देऊ. पण पोटावरचे कसे सोडायचे? १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर पंधरा टक्के व्याज द्यावे. असे असताना २१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. तेव्हा सरकारात हाताचा पंजाही होता आणि घड्याळही होते. म्हणजे ज्यांना आम्ही निवडून दिले त्यांनीच आमचे पैसे लांबवले. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी रद्द केला, आणि त्यासाठी राजू शेट्टींना कोर्टाची पायरी चढावी लागली. आमच्या पक्षाचा एक पुढारी आमच्या बाजूने उभा राहिलेला आम्हांला दिसला नाही.

कारखान्याची अडचण आम्ही समजतो. साखर वर्षभर विकायची, बँकेच्या उचलीवर व्याज भरायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरला, आणि २०२४-२५ च्या हंगामातही तो तेवढाच होता. तेवढ्या काळात एफआरपी क्विंटलला २७५ वरून ३४० वर गेली. मग हे भांडण दिल्लीत जाऊन भांडायचे, की सभासदाच्या खिशातून भागवायचे? सत्तेत असताना आमच्यावर कात्री आणि सत्तेबाहेर असताना आमच्यासाठी मोर्चा, हा खेळ आता लहान पोरालाही कळतो.

त्याहून मोठे दुखणे कारखान्यांच्या विक्रीचे. कर्जात बुडालेले कित्येक सहकारी कारखाने लिलावात निघून खाजगी झाले. शेतकऱ्याने बैल विकून घेतलेला शेअर कागदाचा तुकडा झाला. २०११ साली राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त झाले. सहकाराची राखण करायची ज्यांच्यावर होती त्यांच्याच डोळ्यांदेखत हे घडले. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुणाकडे मागायची?

कुणी म्हणेल, मग दुसऱ्या पक्षात जा. जाऊन पाहावे तर तिथे आमचीच मंडळी आधीपासून लोडाला टेकून बसलेली! कुणी म्हणेल, मतालाच जाऊ नका. तेही पटत नाही. ते म्हणजे तोड मिळेना म्हणून उभा फड पेटवून देण्यासारखे आहे.

आमचे सांगणे साधे आहे. उसाची गाडी काट्यावर गेली की आपण पावती घेतल्याशिवाय हलत नाही. मग मताची पावती का मागू नये? जो मत मागायला येईल, मग तो पंजावाला असो, घड्याळवाला, तुतारीवाला की आणखी कुणी, त्याला गावच्या चावडीवर बसवून तीन गोष्टी लिहून मागा. एक, चौदा दिवसांत एकरकमी पैसे, याला तुमचा पाठिंबा आहे का? दोन, सहकारी कारखाना विकायचा विषय निघाला तर सभासदांच्या संमतीशिवाय तुम्ही हात वर करणार का? तीन, पक्ष बदलायचा झाला तर आधी राजीनामा देऊन आमच्यापुढे पुन्हा याल का?

आणि सुरुवात आपल्या घरापासून करू. तोडणी नोंदीच्या तारखेप्रमाणे व्हावी, मताप्रमाणे नको. सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून यावा आणि मगच ‘मंजूर’ म्हणावे. संचालक निवडताना त्याचा पक्ष न पाहता त्याला ताळेबंद कळतो का ते पाहावे.

विचार आम्ही सोडलेला नाही. सहकार हाच आमचा विचार आहे आणि राहील. पण येथून पुढे मत उधारीवर मिळणार नाही.