गोल्फची अवजारं आणि आमची हरकत

सुरुवातीलाच सांगून टाकतो. गोल्फ या खेळाविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. ज्याच्यापाशी मोकळी सकाळ, मोकळं मैदान आणि भरलेला खिसा आहे, त्यानं तो खुशाल खेळावा. माझी तक्रार आहे ती गोल्फ 'सुधारून' देणाऱ्या अवजारांविरुद्ध. ती मी रीतसर, पूर्ण शुद्धीवर, आणि त्यापायी रोख ९,६४० रुपये घालवून झाल्यावर करत आहे. बँकेतल्या माणसाची तक्रार असल्यामुळे पावत्या सोबत आहेत. सौ.ने त्या जपून ठेवल्या आहेत. अर्थात माझ्या बाजूनं नव्हे, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून.

आता चंद्रपूरच्या माणसाला गोल्फ कुठून सुचला, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जाऊन बसतो. अशा मुलखात हातात काठी घेऊन गवतातून हिंडणारा माणूस एक तर गुराखी असतो, नाही तर वनखात्याचा मजूर. गोल्फच्या नियमानुसार हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटं मिळतात. ताडोबाच्या बाजूला गवतात चेंडू गेला, तर ३ मिनिटांनी चेंडूही सापडायचा नाही आणि शोधणाराही.

पण हिवताप जसा डासातून येतो, तसा हा आजार आमच्याकडे बदलीच्या ऑर्डरीतून आला. पुण्याहून नवे शाखाधिकारी आले. त्यांच्या सामानात भांड्यांचे खोके दोन आणि गोल्फच्या काठ्यांची पिशवी एक, तीही माणसाएवढी. आठ दिवसांत साहेबांच्या केबिनमध्ये एक हिरवा लांबोडका गालिचा आला. त्याच्या टोकाला भोक. साहेब अलगद चेंडू ढकलत. तो भोकात पडला की घरंगळत परत त्यांच्या पायाशी येई. दिलेलं परत येतंय हे दृश्य आमच्या शाखेत फक्त त्या गालिच्यावरच बघायला मिळे.

रविवारी पहाटे साहेब गाडी काढून दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला खेळायला जात. एकदा मी सहज कौतुक केलं. कारकुनानं साहेबाचं कौतुक सहज करू नये. साहेबांनी खूश होऊन आपली एक जुनी काठी, म्हणजे सात नंबरचं आयर्न, मला देऊन टाकली. "घरी सराव करा. एकदा स्विंग बसला की सोडवणार नाही."

मी रात्री मोबाईलवर 'स्विंग' एवढा एकच शब्द शोधला. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मोबाईलला माझ्या स्विंगची माझ्यापेक्षा जास्त काळजी. तुमचं डोकं हलतंय. तुमचं कोपर सुटतंय. तुमचं मनगट लवकर उलगडतंय. आणि प्रत्येक आजारावर एकेक औषध, किंमत अमुक, आज रात्रीपर्यंत सूट. मी तोवर एकही चेंडू मारलेला नव्हता! आजाराआधी औषध घेणारा रोगी दुकानदाराला आणखी कुठे मिळणार?

पहिल्यांदा आला हातांना बांधायचा पट्टा. दोन्ही कोपरं एकमेकांपासून दूर जाऊ नयेत म्हणून तो बांधायचा असतो. मी तो बांधला आणि नेमकी दाराची घंटा वाजली. सौ. आंघोळीला. हनुवटीनं कडी काढून मी दार उघडलं. बाहेर सिलिंडरवाला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय झालं जी भाऊ? हात कायले बांधले?" मी त्याला स्विंगची कल्पना समजावून सांगू लागलो, तोवर सौ. बाहेर आली. म्हणाली, "अहो, यांचे हात बांधून काय होणार? बोटं बांधायला हवीत. ऑर्डरी बोटांनीच देतात."

मग आल्या दिशादर्शक काठ्या. फायबरच्या, नारिंगी, दोन. एक पायाशी आडवी ठेवायची, दुसरी चेंडूच्या रोखानं, म्हणजे आपलं तोंड कुठे आहे ते आपल्याला कळतं. किंमत १,१०० रुपये. वाचकहो, मी राहतो कुठे? बांबूच्या मुलखात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला, तो २०११ साली. अख्ख्या देशात गाजलं ते. आणि त्यांच्या शेजारचा मी कॉमर्स ग्रॅज्युएट दोन काठ्या पोस्टानं दिल्लीहून मागवतो!

तिसरं अवजार म्हणजे सांधेवाला दांडा. त्याला मधोमध बिजागरी असते. स्विंग जरा चुकला की दांडा कमरेत मोडतो. माझा दांडा पंधरा दिवस रोज, प्रत्येक वेळी, न चुकता मोडला. सोळाव्या दिवशी सरळ राहिला. मी आनंदानं ओरडलो. चौकशीअंती कळलं की जाळी काढायला सोयीचं पडावं म्हणून सौ.नं बिजागरीवर चिकटपट्टी गुंडाळली होती.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण मधेच एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

आमचे चिरंजीव सातवीत आहेत. एका संध्याकाळी मी पट्टा, काठ्या, आरसा असा सगळा संसार अंगणात मांडत होतो. चिरंजीवांनी ते सात नंबरचं आयर्न उचललं आणि प्लॅस्टिकचा चेंडू मारला. काही विचार न करता, पायात स्लिपर असताना. 'टक्' असा आवाज आला. तसा आवाज माझ्या हातून महिनाभरात एकदाही निघाला नव्हता. चेंडू तुळशीवरून, कुंपणावरून, समोरच्यांच्या पेरूच्या झाडाला वळसा घालून पलीकडे गेला. पोरगं खदखदून हसलं. "बाबा, अजून एक!"

मी त्या क्षणी टाळी वाजवून गप्प बसायला हवं होतं. मी काय केलं? म्हटलं, "थांब, तुझं डोकं हललं." त्याला पट्टा बांधला. पायाशी काठी ठेवली. समोर आरसा. शूटिंग घेतलं, जेवताना ते हळू गतीनं दाखवलं, आणि त्याचं कोपर कुठे सुटतं ते ताटातल्या पोळीवर आखून सांगितलं. रोज पन्नास स्विंग, चेंडूशिवाय. वहीत नोंद. तीन आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी मी हाक मारली, तर आतून उत्तर आलं, "बाबा, मला होमवर्क आहे." तेरा वर्षांचं पोरगं संध्याकाळी सहाला आपणहून होमवर्क मागतं, तेव्हा बापानं समजावं की काहीतरी फार चुकलं आहे. मला तेव्हाही समजलं नाही. मी त्याच्यासाठी लहान मापाचा पट्टा बघत होतो.

डोळे उघडले ते नागपुरात. साहेब मला एका रविवारी सोबत घेऊन गेले. मी पट्टा बांधून उभा राहिलो. साठीतले एक कॅडीकाका होते, त्यांनी मान हलवली. "हे काढा साहेब. इथं चालत नाही हे."

"का?"

"नियमात नाही बसत जी. घरी बांधाचं तेवढं बांधा."

मला वाटलं काका थट्टा करताहेत. घरी येऊन पाहिलं तर खरंच! गोल्फचे नियम सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. त्यांतला नियम क्रमांक ४.३ असा, की फेरी चालू असताना असली सरावाची साधनं वापरून फटका मारायचा नाही. पहिल्यांदा दंड, पुन्हा केलंत तर बाद. म्हणजे घरात ज्या काठीशिवाय आपलं तोंड कुठे आहे ते कळत नाही, ती मैदानावर पायाशी ठेवून फटका मारायची बंदी! खेळण्यापुरतं तुम्ही उघड्या हातांनीच उभं राहायचं. मग नऊ हजार सहाशे चाळीस रुपयांत मी नेमका कशाचा सराव केला? पट्टा बांधून घेण्याचा.

काकांनी पट्टा घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "आता चेंडूकडे पाहा अन् मारा. गेला तं गेला." चेंडू फार गेला नाही. पण गेला. पुढे हिरवळीवर त्यांनी दोन टी जमिनीत टोचून मधे बोटभर जागा सोडली आणि त्या फटीतून चेंडू ढकलायला लावला. खर्च शून्य. महिनाभरात मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या पंधरा मिनिटांत कळलं.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण तो माझा धंदा आहे. ७२ फटक्यांच्या मैदानावर १८ खळगे असतात, आणि प्रत्येक हिरवळीवर दोन हलके फटके धरलेले असतात. १८ दुणे ३६. बरोबर निम्मे. म्हणजे निम्मा खेळ त्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकाजवळ होतो. पण लांब मारायच्या अवजारांची जाहिरात पाहावी तेव्हा दिसते. का? कारण लांब गेलेला चेंडू शेजाऱ्याला दिसतो, तीन फुटांवरून आत गेलेला दिसत नाही. विकणाऱ्याला आपला खेळ ठाऊक नसेल, आपला शेजारी मात्र पक्का ठाऊक आहे. आणि त्याला खेळ सुधारलेला परवडतही नाही. सुधारला की गिऱ्हाईक गेलं. पट्ट्यानं भागलं नाही तर आरसा, आरशानं नाही तर मनगटावरचं यंत्र. आमच्याकडे अशा खात्याला थकीत म्हणतात, त्यांच्याकडे तेच नियमित गिऱ्हाईक.

ज्यांना गोल्फ खरोखर आला, त्यांनी काय वापरलं ते पाहा. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. तिथल्या कॅडींनी आसपासच्या वस्तीच्या बोळांतून बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून त्यांच्या काठ्या केल्या आणि प्लॅस्टिकच्या चेंडूंनी गोल्फ खेळले. दोन झोपड्यांमधल्या फटीतून, कुणाचं पत्रं न वाजवता चेंडू काढायचा; यापेक्षा कडक दिशादर्शक कुठला? दिल्लीचा अली शेर असाच कॅडी. त्यानं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, कुठल्याही भारतीय व्यावसायिकानं जिंकलेली पहिलीच, आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी समुद्राच्या वाळूत एकच तीन नंबरचं आयर्न घेऊन खेळे. त्यानं ब्रिटिश ओपन तीनदा मारली. त्याच्या बापानं त्याला रोज रात्री शूटिंग दाखवलं असतं, तर तो होमवर्कला बसला असता.

हे सगळं मी साहेबांना ऐकवलं. साहेब म्हणाले, "म्हणजे शिकायचंच नाही का? तंत्र नकोच?" प्रश्न बिनतोड होता. दोन दिवस मला कॅशमध्ये नोटा मोजतानाही तोच सुचत होता. उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडलं. २०१८ साली 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली आदिवासी मुलं एव्हरेस्टला गेली आणि त्यांतली पाच जणं मे महिन्यात शिखरावर पोचली. त्यांना तंत्र नको होतं का? चांगलं महिनोन्महिने शिकवलं. बूट, दोर, प्राणवायू, सगळं दिलं. पण दार्जिलिंगच्या आणि लडाखच्या डोंगरांवर नेऊन शिकवलं; जिवतीच्या वर्गखोलीत बर्फाचं चित्र टांगून नव्हे. आणि दिलेला दोर शिखरापर्यंत सोबत नेता येत होता. वर कुणी नियम ४.३ काढला नाही.

मी पूर्वी गडचिरोलीत चार वर्षं काढली. पावसाळ्यात पोरं बांबूच्या गेड्यांवर चढून चिखलातून चालायची. मी एकदा एका पोराला विचारलं, कोणी शिकवलं रे? त्याला प्रश्नच कळला नाही. तो पडला, उठला, पुन्हा चढला. (साहेबांचं यावर मत असं की गेड्या म्हणजे गोल्फ नव्हे. कबूल. पण तोल तोच.)

तर अवजारांची आजची स्थिती अशी. नारिंगी काठ्यांवर कारल्याचा वेल चढला आहे. आरसा चिरंजीवांच्या ताईनं उचलला. सांधेवाला दांडा जाळी काढतो. पट्टा साहेबांना भेट दिला. त्यांनी तो मनापासून घेतला आणि आता केबिनमध्ये बांधून बसतात, त्यामुळे सह्यांना थोडा उशीर होतो.

राहिले चिरंजीव. मी त्यांना गोल्फबद्दल एक अक्षर बोललो नाही. माफी मागावी असं फार वाटलं, पण बापांना त्याचा सराव नसतो. दोन महिने सात नंबरचं आयर्न दारामागे उभं होतं. परवा बँकेतून आलो तर ते तिथे नव्हतं. मागच्या बोळात गलका चालला होता. खिडकीतून पाहिलं. विटीदांडूला खणतात तशा गली चार-पाच ठिकाणी खणलेल्या, प्रत्येकीत आईसक्रीमच्या काडीला फडकं बांधून निशाण. एकाकडे बांबूची बुंध्याशी वाकलेली काठी, एकाकडे तुटकी हॉकी, आणि आमच्या पोराकडे आयर्न. चेंडू गटाराच्या काठावरून गेला, सायकलीला लागला, आणि गलीच्या तोंडाशी थांबला. त्याचं डोकं हललं होतं. दोन्ही कोपरं सुटली होती. मी खिडकीत जरा पुढे झुकलो. त्यानं वर पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तिथूनच पाहा. अन् काही सांगू नका बरं."

मी खिडकीतच उभा राहिलो. सौ.नं चहा तिथेच आणून दिला.